सलग तीन सकाळी

“वाचा न जी. काय आलं?”

गुलाब साळव्यानं चिठ्ठी चष्म्याजवळ नेली, लांब नेली, उलटून मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली. छापील अक्षर काही बदलायला तयार नव्हतं. सोमवारी आलेल्या वचनाचा मतलब होता, ऊठ आणि वाटेला लाग. मंगळवारी आलं, भिऊ नकोस, जा. दोन दिवस सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं. आणि आज बुधवारी, तिसऱ्या आणि शेवटच्या सकाळी, देवाच्या मनात काय आलं कोण जाणे.

“थांब म्हनते,” गुलाब म्हणाला.

“मंग थांबू,” म्हणत त्याच्या बायकोनं, आनंदाबाईनं, चिठ्ठीची पुन्हा सुरळी केली, चिमट्यानं जागच्या जागी खोचली आणि डब्याचं झाकण लावलं. तिच्या डाव्या छातीतली गाठ काढायची की नाही, हा प्रश्न तेविसाव्या दिवशी पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन बसला.

“अवो, डाक्टरीनबाईनं सोमवारपावतर भरती व्हा म्हनलं. सोमवार! मंग ते तारीख दुसऱ्याले देनार, आन आपला नंबर दीड महिन्यानं. तवापर्यंत थे गाठ काय तुह्या चिठ्ठीची वाट पाहून राह्यली?”

“उद्या पुन्हा काढू न. काऊन वरडता?”

गुलाबनं हात टेकले. दुसरं काही टेकण्यासारखं शिल्लकही नव्हतं.

हा वचनांचा डबा आनंदाबाईला तिच्या आईनं लग्नात दिलेला. पत्र्याचा, पुस्तकाएवढा. आत दीडशेच्या वर कागदाच्या सुरळ्या, बिडीच्या कट्ट्यासारख्या घट्ट उभ्या लावलेल्या. प्रत्येकीवर पवित्र शास्त्रातलं एकेक वचन. सकाळी प्रार्थना करायची, चिमट्यानं एक चिठ्ठी काढायची, वाचून मनाला उभारी आणायची आणि कामाला लागायचं, एवढाच बाकीच्या ख्रिस्ती घरांत त्या डब्याचा उपयोग. आनंदाबाईनं मात्र त्याचं हायकोर्ट केलं होतं. घरातली लहानमोठी कोणतीही गोष्ट असो, सलग तीन सकाळी ‘जा’ आलं पाहिजे. मधे एक ‘थांब’ आलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि ‘मी तुझ्याबरोबर आहे’ अशासारखं, ना धड जा ना धड थांब असं काही आलं, तरी मोजणी मोडलीच. फ्रिज आला तो अकरा आठवड्यांनी. जागृतीच्या लग्नाला होकार द्यायला इतका वेळ लागला, की मुलाकडच्यांनी मधल्या काळात दोन ठिकाणी पोहे खाल्ले. साखरेच्या आजारानं आनंदाबाईची नजर मंदावली होती, म्हणून वाचायचं काम गुलाबचं. निकाल देवाचा, शिरस्तेदार गुलाब.

गुलाबची एकतीस वर्षं एसटीच्या कंडक्टरकीत गेली होती. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. तिसरा प्रकारच नाही. अशा माणसाला या डब्याची भाषा कशी सोसावी?

दुपारी हिंगणघाटहून जागृतीचा फोन आला. “बाबा, तुमी तिथं काय करून राह्यले? आईले उचला आन दवाखान्यात नेऊन टाका.”

“तुही माय काय कापसाचा गठ्ठा हाय का उचलून टाकाले?”

“तुमीच लाडावून ठेवलं तिले.”

हिंगणघाटात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं, असं गुलाबच्या ओठावर आलं होतं. पण पोरगी पलीकडे रडत होती, म्हणून त्यानं फोन कानाला लावून नुसतं ‘हाव, हाव’ केलं.

संध्याकाळी तो चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेला. पाळकसाहेब वयानं त्याच्या मुलासारखे. पुण्याहून शिकून आलेले, सगळ्यांना काका-काकू म्हणणारे.

“साहेब, तुमी सांगा तिले. तुमचं ऐकते ते.”

“दोनदा सांगितलं, काका. म्हटलं, डॉक्टरसुद्धा देवानंच दिलेत. काकू म्हणाल्या, खरं आहे साहेब, पण तीन दिवस तर येऊ द्या.” पाळकसाहेबांनाच हसू आलं. मग ते म्हणाले, “तुम्ही त्यांच्याबरोबर बसून प्रार्थना का करत नाही? किती वर्षं झाली, काका?”

“मी माह्या बायकोसाठी आलो, साहेब. माह्यासाठी नाई,” असं म्हणून गुलाबनं चपला घातल्या.

वर्षं अकरा झाली होती, हे सगळ्या मंडळीला माहीत होतं. दर रविवारी गुलाब आनंदाबाईला स्कूटीवरून चर्चच्या फाटकाशी सोडायचा आणि समोरच्या टपरीवर चहा घेऊन बसायचा. आशीर्वाद झाला, लोक बाहेर पडले, की स्कूटी चालू. रत्नदीप गेल्यापासून हेच. बावीस वर्षांचा मुलगा, हृदयाची झडप जन्मापासूनच अधू. तेव्हा मात्र डब्यानं काडीचाही त्रास दिला नव्हता. पहिल्याच तीन सकाळी जा, जा आणि जा. आईबाप मुलाला घेऊन गाणी म्हणत नागपूरला गेले. मुलगा ऑपरेशनच्या टेबलावरून परत आला नाही. त्या दिवशी गुलाबचं देवाशी बोलणं बंद झालं. भांडण नाही, तक्रार नाही. शेजाऱ्याशी अबोला धरावा तसं, समोर आला तर मान वळवायची. आणि आनंदाबाई? महिन्याभरात तिनं पुन्हा त्याच डब्यात चिमटा घातला. हिचं काळीज कशाचं आहे, हे गुलाबला अकरा वर्षांत उमगलं नव्हतं. तिच्या विश्वासाचा त्याला कधी हेवा वाटायचा. बहुतेक वेळा रागच यायचा.

गुरुवारीही डब्यानं काही धड सांगितलं नाही. दुपारी बोरगाव मेघेत बायांची प्रार्थनासभा होती. गुलाबनं आनंदाबाईला तिथं सोडलं आणि कधी नव्हे ती स्कूटी पळवत नालवाडीला घरी परत आला. दाराला आतून कडी घातली. खिडकी लावली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, त्यानं पंखासुद्धा बंद केला. त्यात शहाणपणही होतं, कारण दिवाणावर दीडशे चिठ्ठ्या पसरायच्या होत्या.

त्यानं स्वयंपाकघरातून दोन ताटं आणली. एक ‘जा’चं, एक ‘थांब’चं. काम सोपं वाटलं होतं. एकेक सुरळी उलगडायची, वाचायची, ताटात टाकायची. पण पाचव्या-सहाव्या चिठ्ठीलाच गाडी अडली. मी तुला सोडणार नाही. आता हे कोणत्या ताटात घालावं? पुढची तशीच. मी तुझा हात धरला आहे. त्याच्या पुढची, तू पाण्यातून चाललास तरी मी आहे. गुलाबनं तिसरं ताट आणलं. बघता बघता तेच सगळ्यांत मोठं झालं. जा म्हणणाऱ्या जेमतेम पन्नास, थांब म्हणणाऱ्या त्याहून कमी, आणि बाकी सगळ्या नुसत्या सोबत आहे, सोबत आहे, सोबत आहे.

त्याचं डोकं फिरलं.

“सोबत होता तं केलं काय?” तो त्या ताटाला म्हणाला. “नागपूरले बी सोबतच होता न? काय केलं? सांग न!”

घरात दुसरं कोणी नव्हतं. आपण हे कोणाला विचारलं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून त्या दिशेनं शब्द गेला होता, आणि तो तर पुढची चिठ्ठी उलगडायच्या घाईत होता.

शेवटी दोन ताटांतल्या चिठ्ठ्या त्यानं एका पिशवीत भरून गादीखाली ढकलल्या. उरलेल्या पन्नासाच्या सुरळ्या करून डब्यात उभ्या केल्या, तर त्या एकमेकींच्या अंगावर पडायला लागल्या. निम्म्याहून जास्त डबा रिकामा. मग त्यानं डोकं चालवलं. घरात जुन्या उशीचा कापूस होता. त्याचा थर तळाशी आणि कडेनं दाबून बसवला. वरून पाहिलं तर डबा भरल्यासारखा दिसला. एकतीस वर्षांत एका तिकिटाची अफरातफर न केलेला माणूस देवाच्या कारभारात हात घालून मोकळा झाला.

शुक्रवारी आलं, जा. शनिवारी आलं, ऊठ, उशीर करू नकोस. गुलाबनं दोन्ही वचनं अशा ठसक्यात वाचली, की आनंदाबाईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. रविवारी सकाळी ती डोळे मिटून जरा जास्त वेळ बसली. मग चिमटा आत घातला, सुरळी वर काढली आणि त्याच्या हातात द्यायच्या आधीच थबकली. सुरळीच्या टोकाला पांढरा धागा लोंबत होता. नजर मंद असली तरी बोटं शाबूत होती. तिनं तो धागा चिमटीत चोळला.

“हा कापूस काहाचा जी?”

गुलाबनं डबा आपल्याकडे ओढायला हात पुढे केला.

तिनं डबा परातीत उलटा केला. आधी चिठ्ठ्या पडल्या, मग बुडावर मारलेल्या एका दणक्यासरशी कापसाचा चौकोनी गठ्ठा, डब्याच्याच आकाराचा.

“किती काढल्या?”

“शंभराक वर असन.” गुलाबनं सांगून टाकलं. “अवो, तू ऐकूनच नाई राह्यली तं मी काय करू? उद्या सोमवार हाय! मले काई सुचलं नाई. चूक झाली म्हन, पाप झालं म्हन, पन चाल.”

ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती कापसाकडे बघत राहिली आणि अगदी हळू म्हणाली, “एक खरं सांगसान? रत्नदीपच्या टायमाले बी तुमीच काढल्या होत्या का?”

गुलाबनं परात बाजूला ढकलली. “नाई वो! काय बोलून राह्यली? तवा मी डब्याले हात बी नाई लावला. लेकराची आन!”

“मंग ते देवानंच देलतं,” आनंदाबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम कोसळला. “देवानंच ‘जा’ म्हनलं, आपुन गेलो, आन पोरगं गेलं. मले आता वाटलं, कदाचित तुमीच केलं असन, घाई हायच तुमाले. वाटलं, बरं झालं, देवानं नाई केलं. तुमच्यावर घालाले मी तयार झाली जी, इतकी मी हलकी.” ती पदरानं तोंड पुसत होती आणि तोंड पुन्हा भिजत होतं. “थांब आलं का मले बरं वाटते. खरं सांगतो. जा आलं का हातपाय गार पडतेत. मी देवाले इचारून नाई राह्यली. मी लपून राह्यली.”

गुलाब तिच्याकडे बघत राहिला. अकरा वर्षं ज्या खडकावर तो मनातल्या मनात चिडत होता, तो खडक नव्हताच. भ्यालेली बाई होती, आणि रोज सकाळी एकटीच त्या डब्यासमोर बसत होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की बसल्या जागी नजर कुठं ठेवावी कळेना.

“आता डबा तं खोटा झाला,” ती म्हणाली. “कोनाले इचारू?”

“मी टाकतो न सारं परत आत.”

“नोको. तुमी मागा.”

“मी?”

“अकरा वर्सं दोघांचं मी एकटीनं मागून राह्यली. तुमी टपरीवर. थकली मी आता. तुमी मागा, मी आमेन म्हनतो.”

तिनं डोळे मिटून हातही जोडले. आता काय करणार? गुलाबनं डोक्यावरची टोपी काढली. काढल्यावर ती ठेवायची कुठं ते कळेना, म्हणून मांडीवर ठेवली. पाळकसाहेबांसारखी गोड शब्दांची प्रार्थना त्याला आधीही येत नव्हती, आता तर अकरा वर्षांचा गंज चढलेला.

“देवा,” तो म्हणाला आणि अडकला. मग वैतागून म्हणाला, “देवा, मी गुलाब. नालवाडीचा. मले तुह्याशी बोलाचं नव्हतं. काऊन, ते तुले मालूम हाय. पोरगं नेलं, जबाब देला नाई. मी बी मांगतला नाई. आता हे बाई तुह्या चिठ्ठ्या पाहून पाहून आजारी पडली, आन तू एक दिवस हे सांगते, एक दिवस ते. तुले सरळ बोलता येत नाई का?”

आनंदाबाईनं एक डोळा उघडला आणि मिटला.

“बरं, नोको बोलू,” गुलाब म्हणाला. “आमी उद्या जाऊन राह्यलो. चिठ्ठी नाई, काई नाई. डाक्टरीनबाई सांगते म्हनून जाऊन राह्यलो. मी जिंदगीभर गाडीत मांगं उभा राह्यलो. समोरचं मले काई दिसत नाई, डायवरले दिसते. तू डायवर असशीन तं चालव. मले तुह्यावर अजून राग हाय. पन मधातच उतरत नाई मी आता. एवढंच. आमेन.”

“आमेन,” आनंदाबाई म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले. मग ती म्हणाली, “देवाशी असं बोलतेत का जी?”

“मले असंच येते.”

“मोठी थैली काढा वरून,” ती म्हणाली. “आन जागृतीले फोन करा.”

त्या दिवशी चर्चसमोरच्या टपरीवाल्यानं सवयीनं गुलाबचा चहा ओतला आणि हाक मारली. गुलाबनं ‘घे तूच’ असा हात केला आणि बायकोच्या मागोमाग आत गेला. शेवटच्या बाकावर बसला. उपासनेत तीनदा त्याला झोप लागली, दोनदा उठून बाहेर जावंसं वाटलं, आणि पाळकसाहेबांचा उपदेश तर त्याला फारच लांबलेला वाटला. पण प्रभुभोजनाच्या वेळी भाकर-द्राक्षरस घ्यायला तो रांगेत जाऊन गुडघ्यावर बसला. उठताना गुडघ्यानं त्रास दिला, तेव्हा शेजारी बसलेल्या आनंदाबाईनं कोपराला धरून त्याला उभं केलं.

सोमवारी ती भरती झाली आणि मंगळवारी सकाळी नऊला तिला ऑपरेशनला आत घेतलं. हिरव्या गाउनमध्ये ती एवढीशी दिसत होती. नर्सनं मंगळसूत्र आणि बांगड्या काढून रुमालात बांधून गुलाबच्या हातात दिल्या.

“भेव वाटून राह्यलं जी,” ती ढकलगाडीवरून म्हणाली.

“मले बी,” गुलाब म्हणाला. खोटं बोलायची त्याची आता छाती नव्हती. दार मिटलं.

जागृतीची गाडी अजून वाटेत होती. व्हरांड्यातल्या लोखंडी बाकावर देवळीकडचा एक म्हातारा आधीपासून बसला होता. डोक्याला फडकं, टाचांना वाळलेली माती. त्यानं आपणहून सांगितलं की नाव किसनराव, वांगी-पालक लावतो, बायको आत आहे, पित्ताशयात खडे झालेत. गुलाबनं मान हलवली आणि डोळे मिटले. अकरा वाजले, साडेअकरा झाले. त्याचे ओठ हलत होते.

“तुमी किरिस्तान का जी?” किसनरावानं विचारलं.

“हाव.”

“तुमच्या देवाले माह्या बाईसाठी बी सांगता का जरासं? आमच्यायले सांगून झालं सारं.”

गुलाब वैतागला. आपलाच अर्ज परवा अकरा वर्षांनी दाखल झालाय, त्याचाच पत्ता नाही, आणि याला वशिला पाहिजे! त्यानं डोळे उघडले. किसनराव दोन्ही हात मांडीत दाबून बसला होता.

“नाव सांगा,” गुलाब म्हणाला.

“माहं किसनराव...”

“तुमचं नाई हो! बाईचं. आन पुरं सांगा, अर्धंमुर्धं नोको.”

“गोपिका किसनराव ढोले.”

गुलाबनं पुन्हा डोळे मिटले. आधी आनंदाचं नाव घेतलं, मग गोपिकाबाईचं, पुरं. किसनरावाला काही कळत नव्हतं, पण त्यानंही मान खाली घातली.

पाऊण तासानं दार उघडलं. गुलाब उठून उभा राहिला. नर्सनं कागद पाहून हाक मारली, “गोपिका ढोलेचे नातेवाईक कोण आहेत? या, चांगलं झालंय सगळं.”

किसनराव धावला. धावता धावता मागे वळून त्यानं गुलाबला हात जोडले आणि आत दिसेनासा झाला. नर्सनं दार लावून घेतलं. आनंदाबाईबद्दल ती काहीच बोलली नाही, आणि गुलाबच्या तोंडून प्रश्न निघेपर्यंत निघूनही गेली.

गुलाब बंद दाराकडे बघत उभा राहिला. मग बाकावर येऊन बसला.

“तुह्या लायनीत आनंदाचं नाव पह्यले होतं,” तो म्हणाला. बोलताना त्यानं वरसुद्धा पाहिलं नाही. मग म्हणाला, “बरं. तिचं झालं, चांगलं झालं.”

हातातला रुमाल त्यानं दुसऱ्या हातात घेतला, डोळे मिटले आणि आनंदाच्या नावापासून पुन्हा सुरुवात केली.